आमची वाटचाल : तिसरा मजला, लिफ्ट नाही

2012 साली डोंबिवली पूर्वेला दुकान टाकलं तेव्हा पाटीवर एवढंच होतं : 'रुग्णोपयोगी साहित्य भाड्याने मिळेल.' व्हीलचेअर, वॉकर, कमोडची खुर्ची, पाठ वर करता येणारी कॉट, हवेची गादी. डिपॉझिट घ्यायचं, महिन्याचं भाडं घ्यायचं, वस्तू परत आली की पुसून पुन्हा उभी करायची. सरळ धंदा. निदान मला तरी तसं वाटत होतं.

पहिल्याच महिन्यात एक व्हीलचेअर चार दिवसांत परत आली. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जाणारे आजोबा, तिसरा मजला, लिफ्ट नाही. खुर्चीत काही खोट आहे का, म्हणून फोन केला. आजोबा म्हणाले, "खुर्ची उत्तम आहे हो. पण ती आणि मी, दोघंही घरातच बसून होतो."

आमच्याकडच्या जुन्या इमारती तळ अधिक तीन, फार तर चार मजल्यांच्या. चाळिशीत ज्यांनी 'वरचा मजला हवेशीर' म्हणून घर घेतलं, त्यांची सत्तरी आता त्याच मजल्यावर अडकली आहे. मुलं पुण्याला, बंगळुरूला, नाहीतर पार परदेशात. पुढच्या डायलिसिसला मी आणि दुकानातला मुलगा हातांची प्लास्टिकची खुर्ची घेऊन वर गेलो. माणसाचं तोंड उताराकडे, खुर्ची मागे कललेली, पुढच्याने उलटं उतरायचं, हे तेव्हा शिकलो. आजोबा निवांत होते, घाम मला फुटला होता.

आठवड्याभरात अर्धी गल्ली विचारायला लागली : खुर्ची नको, माणसं मिळतील का?

दोन मुलं पगारावर ठेवली. दिवसाचं भागलं, रात्रीचं नाही. एका पहाटे एक काका न्हाणीघरात पडले. दाराला आतून कडी, दार आत उघडणारं आणि काका नेमके दाराला टेकून पडलेले. सुताराने दार फोडेपर्यंत तास गेला. तेव्हापासून आमच्या कामाची सुरुवात न्हाणीघरापासून होते. कडी काढायची, दार बाहेर उघडेल असं फिरवायचं, कमोडशेजारी आधाराचा दांडा भिंतीत पक्का बसवायचा (टॉवेलच्या दांडीला धरून उठणारे किती निघतात, विचारू नका), आणि घराची एक किल्ली शेजारी. या शेवटच्या कलमावरून जेवढे वाद झाले तेवढे पैशावरूनही झाले नाहीत. "समोरच्यांशी आम्ही बोलत नाही" हे वाक्य मी पन्नासएक घरांत ऐकलं असेल.

पण लवकर कळायला शेजारीच लागतो. सरकारची ज्येष्ठांसाठीची 14567 ही हेल्पलाइन चांगली आहे, तो नंबर आम्ही फ्रिजवर चिकटवून देतो. पण ती सकाळी 8 ते रात्री 8. पडणारी माणसं वेळ बघून पडत नाहीत.

भाच्याने ॲप बनवलं, कुणी उघडलं नाही. व्हॉट्सॲपचा ग्रुप केला, तो सुप्रभाताच्या फुलांत बुडाला. टिकलं ते सगळ्यात साधं. सकाळी 8 वाजता पहिली आजी दुसरीला फोन करते, दुसरी तिसऱ्या काकांना, शेवटचा पुन्हा पहिलीला. साखळी तुटली की किल्लीवाला शेजारी दार उघडतो. आणि दूधवाल्याला सांगून ठेवलंय : कालची पिशवी दाराला तशीच लटकलेली दिसली तर आधी बेल, मग आम्हाला फोन.

यात मिळकत शून्य. दुकान चालतं भाड्यावर आणि न्हाणीघरांच्या कामावर. वर्गणी मागायचा धीरच होत नव्हता. आमच्या एका काकूंचा मुलगा बोस्टनला असतो, त्याने सांगितलं, तिथल्या बीकन हिल वस्तीत म्हाताऱ्या माणसांनी 2002 पासून असंच एक मंडळ चालवलंय, वर्षाची फी भरून. घरं जुनी, जिने उभे. मला एकदम आमचीच गल्ली दिसली. आम्हीही वार्षिक वर्गणी सुरू केली.

लोक पैसे द्यायला तयार होते, मदत घ्यायला नाही. "आम्हाला कुणाचे उपकार नकोत." मग प्रत्येकाला काम दिलं. बँकेतून निवृत्त झालेल्या एक काकू नोव्हेंबरात सगळ्यांचे हयातीचे दाखले बघतात. ऐंशीच्या पुढच्यांना 1 ऑक्टोबरपासूनच देता येतो, हे त्यांना तोंडपाठ. बोटांचे ठसे झिजलेल्यांचे त्या मोबाइलवर चेहरा दाखवून करून देतात. डायलिसिसचे आजोबा शेवटपर्यंत साखळीचं रजिस्टर लिहीत होते. अक्षर मोत्यासारखं.

2020 ची टाळेबंदी या रजिस्टरावर निभावली. त्यावर वेगळं लिहावं लागेल.

आता नवीच भानगड आहे. इमारती पुनर्विकासाला जाताहेत. दोन-तीन वर्षं माणसं भाड्याच्या घरांत विखुरतात, किल्लीवाला शेजारी तिसऱ्याच गल्लीत. फोनची साखळी मात्र ठाकुर्ली, कल्याण करत सुरू असते. आमची पहिली सभासद आजी परवा नव्या इमारतीत परतली. बारावा मजला, दोन लिफ्ट. व्हीलचेअर थेट घरापर्यंत जाते, मला भरून आलं. पण सुरक्षेसाठी दूधवाल्याला वर सोडत नाहीत, पिशव्या गेटवरच घेतात. त्याला निदान त्या एका दारापर्यंत तरी जाऊ द्या, असा अर्ज सोसायटीला दिलाय. पुढच्या मीटिंगमध्ये विषय येतोय.