ओव्हर कुणाला देऊ?

एप्रिल लागलाय, शाळा सकाळची झालीय, परीक्षा चालू आहेत आणि मला कुणी नुसतं "सिस्टर" म्हणून हाक मारली तरी चिडचिड व्हायला लागलीय. घरी मुलगा "आई" म्हणतो तेव्हापण तेच, आधी कपाळाला आठी पडते आणि मग तोंडातून "काय रे" येतं. दर वर्षी मार्च संपला की असं होतंय, पण यंदा जरा लवकरच सुरू झालं.

मी जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली, आधी एका हॉस्पिटलला मेडिसिन वॉर्डला होते. लग्नानंतर नाईट झेपेनात म्हणून शाळेत नर्स म्हणून लागले. तेव्हा नात्यातले सगळे म्हणाले, सुटलीस बाई, आता काय, पोरांच्या गुडघ्याला पट्टी लावायची आणि पंख्याखाली बसायचं. विनाअनुदानित मोठी शाळा, बाराशेच्या आसपास पोरं, एक सिकरूम, दोन कॉट, एक कपाट आणि मी. नाव सांगत नाही शाळेचं, नोकरी आहे अजून.

परवाचं सांगते. पाचवीतल्या एका मुलाचा घोळणा फुटला. सोलापूरचं ऊन माहितीय तुम्हाला, पारा चाळिशी कधीच ओलांडून गेलाय, हवा कोरडी, नाकाच्या आतली कातडी सुकून चिरते आणि पोरं त्यात बोट घालतात, मग काय. शर्टावर ओघळ, बाई घाबरलेल्या, त्यांनी त्याची मान मागं करून धरलेली, मावशी अर्धा कांदा घेऊन पळत आलेल्या. मी आधी त्याचं डोकं पुढं वाकवलं, मागं केलं की रक्त घशात उतरतं आणि पोरगं उलटी करतं. नाकाचा मऊ भाग चिमटीत धरला आणि घड्याळ लावून दहा मिनिटं तशीच उभी राहिले, मध्ये सोडून बघायचं नसतं, तोंडानं श्वास घे म्हणायचं. तर त्या दहा मिनिटांत दारात एक मुलगी पोटात दुखलालंय म्हणून, एक पोरगा प्रार्थनेला चक्कर आली म्हणून, आणि ऑफिसातनं शिपाई मामा, "सिस्टर, वरच्या हॉलला सुपरव्हिजनला माणूस कमी आहे, तुम्ही रिकाम्याच आहात का विचारलंय मॅडमनी." माझ्या एका हातात पोराचं नाक आणि मी रिकामी.

सुपरव्हिजन, बसच्या यादीला टिक करणं, पेपरचे गठ्ठे बांधणं, गॅदरिंगला मेकअप. पट्टी लावायचं काम नसेल तेव्हा सिस्टरला काम नसतं असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं.

बर्नआउट हा शब्द आता कुणीपण कशालापण वापरतं, पण जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये आजारांच्या नव्या वर्गीकरणात त्याची व्याख्या केलीय. तिथं तो आजार म्हणून नाही, कामाशी जोडलेली गोष्ट म्हणून आहे, कामाच्या जागेवरचा ताण कायम राहिला आणि नीट हाताळला गेला नाही की होणारी. तीन खुणा दिल्यात. शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटत राहणं. पहिली तर सोलापुरात एप्रिलमध्ये सगळ्यांनाच असते. मला भीती दुसरीची वाटते. पोरगं दारात उभं राहिलं की तपासायच्या आधीच डोक्यात येतं, आज गणिताचा पेपर आहे, नाटक असणार. तपासते मी नीटच, ती सवय हाताला आहे, पण तो विचार आधी येतो हे मला आवडत नाही.

खूप विचार केला की वॉर्डला याच्या दुप्पट काम होतं, माणसं डोळ्यांसमोर जायची, नाईटला तर बसायला मिळायचं नाही, तरी असं का नाही झालं. आणि मला वाटतं उत्तर ओव्हरमध्ये आहे. वॉर्डला ड्यूटी संपली की पुढच्या सिस्टरला ओव्हर द्यायचा. बेड नंबर अमुक, सलाइन चालू, युरिन आउटपुट कमी, रात्री लक्ष ठेव, नातेवाईक भांडखोर आहेत. ती मान हलवते, वहीत सही करते, आणि तो पेशंट तुझ्या डोक्यातून तिच्या डोक्यात जातो. मग तू रिक्षात बसून घरी जाऊन झोपतेस. शाळेत ओव्हर घ्यायलाच कुणी नाही. जूनमध्ये घेतलेली ड्यूटी एप्रिलपर्यंत चालूच, आणि बाराशे पोरांपैकी कुणाला फिट येते, कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे (आणि सोलापुरात शेंगदाण्याशिवाय डबा असतो का सांगा), कुणाचा दम्याचा पंप दप्तराच्या कुठल्या कप्प्यात असतो, हे सगळं एकट्या माझ्या डोक्यात. विचारायलापण कुणी नाही. पोटाला हात लावून हे अपेंडिक्सचं आहे की पेपरचं आहे हे ठरवायचं, आणि चुकलं तर काय याचा विचार घेऊन दुपारभर फिरायचं.

त्या पोटात दुखणाऱ्या मुलीचं सांगायचं राहिलं. सातवीतली आहे, एवढंच सांगते, बाकी ओळखू येईल असं काही लिहिणार नाही. आमच्याकडं पोटदुखी चार भाषांत येते, लहान पोरं घाबरली की घरच्या भाषेत बोलतात, कडुपु नोप्पी, होट्टे नोवु, पेट में दर्द, मला आता सगळं कळतं. ही काहीच बोलत नव्हती, नुसती पोट धरून कॉटवर. ताप नाही, पोट मऊ, उलटी नाही, पाळीची तारीख नाही. काल रात्री काय खाल्लं विचारलं तर भात. सकाळी? मान खाली. वडील लूमवर नाईटला, आई विड्या वळते, पहाटे उठून चार-पाच दिवसांनी आलेलं नळाचं पाणी भरण्यात सगळ्यांची धावपळ, सकाळच्या शाळेची वेळ सातची, चूल पेटायच्या आधीच पोरगी घरातून निघालेली. बाटलीपण रिकामी, आणि पोरगी ती मुद्दामच रिकामी ठेवते, कारण पाणी प्यायलं की शाळेच्या संडासात जावं लागतं. मुली हे करतात, फार करतात, आणि मग लघवीला जळजळ म्हणून माझ्याकडं येतात. तिला बिस्किटं दिली, पाणी दिलं, वीस मिनिटं पडू दिलं, पेपरला बसली.

रजिस्टरला मी काय लिहिलं? पोटदुखी, विश्रांती, वर्गात परत.

एवढंच मावतं त्या रकान्यात. जूनमध्ये ती आठवीत जाईल, वर्गशिक्षिका बदलतील, आणि परत एखाद्या सकाळी ती पोट धरून उभी राहिली की नव्या बाई म्हणतील नाटक करतेय. दहावीची तर आता गेलीच, त्यात एक टाइप वन डायबेटिसचा मुलगा होता, इन्सुलिन स्वतः घ्यायला सिकरूममध्येच शिकला, तो कुठल्या ज्युनिअर कॉलेजला जाईल आणि तिथं कुणाला काय माहिती असेल.

सरकारी आणि अनुदानित शाळांत निदान राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम येते. २०१३ पासून सुरू आहे तो, डॉक्टर, फार्मासिस्ट, एएनएम म्हणजे आरोग्य केंद्राची नर्स गाडीतून येतात, पोरांची तपासणी करतात, काही सापडलं तर पुढं पाठवतात. आमच्यासारख्या शाळेला ते नाही, दहा फेब्रुवारीला जंताची गोळी येते, ती मी चावून खायला लावते आणि संध्याकाळभर पालकांचे फोन घेते, झालं. बरं, पालकांचं अजून एक. उन्हाळ्यात बरेच जण ओआरएस म्हणून टेट्रा पॅकमधली गोड सरबतं पाठवायचे. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, असल्या पेयांवर ओआरएस लिहायला बंदी केली तेव्हा मी खरंच पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. खरं ओआरएस म्हणजे पुडी, एक लिटरची पुडी एक लिटर पाण्यातच, अर्ध्या ग्लासात कालवायची नाही.

ट्रेनिंगला असताना अमेरिकेतल्या पहिल्या शाळेच्या नर्सचं, लिना रॉजर्सचं वाचलं होतं, तेव्हा नुसतं परीक्षेपुरतं. १९०२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तिला चार शाळा दिल्या, मिळून दहाएक हजार पोरं, प्रयोग एका महिन्याचा. त्याआधी डॉक्टर यायचे, डोक्यात उवा, गजकर्ण, डोळे चिकटलेले दिसले की पोराला घरी पाठवायचे, आणि घरी कुणी बघायचं नाही म्हणून पोरगं बसूनच राहायचं. हिनं शाळेतच मलम लावलं, घरी जाऊन आयांना शिकवलं, गैरहजेरी उतरली, मग आणखी नर्सेस घेतल्या. मला यातलं आता एकच पटतं, तिच्या कामाचं माप योग्य घेतलं गेलं. पोरं वर्गात परत किती बसली हे कुणीतरी मोजलं. आमच्या वार्षिक अहवालात सिकरूमचा आकडा असतो तो "लाभार्थी विद्यार्थी", म्हणजे किती पोरं आजारी पडली तो. किती परत वर्गात गेली हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही.

तर यंदा मी ओव्हर लिहायला घेतलाय. प्रत्येक वर्गाचा एक कागद, फक्त ज्यांच्याकडं लक्ष लागतं तेवढीच पोरं, पालकांना फोन करून विचारून, आणि रोगापेक्षा काय करायचं ते जास्त. पंप दप्तराच्या पुढच्या कप्प्यात. फिट आली तर तोंडात चमचा घालू नका, कुशीवर करा, वेळ बघा, पाच मिनिटांच्या वर गेली तर १०८. हिला सकाळी काही खाल्लं का ते हळूच विचारा, सगळ्यांसमोर नको. मॅडमना दाखवला तर म्हणाल्या छान आहे, जूनमध्ये बघू. मी म्हटलं बघू नका, बंद पाकिटात घालून वर्गशिक्षकांच्या सहीनं देऊ, जो घेईल त्यानं सही करायची. सही म्हटल्यावर जरा गप्प झाल्या. नाही म्हणाल्या नाहीत अजून.

आणि सुपरव्हिजनला नाही जाणार म्हणून सांगितलं. पोरं आत असताना सिकरूम उघडी लागते, एवढंच कारण दिलं. दोन शिक्षिका त्या दिवसापासून डब्याला बोलवत नाहीत. चालतंय.

निकाल लागला की मंगळवेढ्याला सासरी जाणार आहे. बीपीचं मशीन मात्र यंदा नेणार नाही, गेल्या उन्हाळ्यात ओसरीवर ओपीडीच भरली होती, सासूबाई नंबर लावत होत्या.