राउटरच्या घरी १ जानेवारी १९७०

आमचं घर मंगळवार पेठेतलं, जुनं. भिंती एवढ्या जाड की आतल्या खोलीतून आईला दोनदा हाक मारावी लागते. त्यामुळं नेट मंदावलं तसा पहिला आळ भिंतींवर गेला. पण भिंती काही गणपतीनंतर जाड झालेल्या नव्हत्या.

गणपतीत सगळं ठीक होतं. १०० एमबीपीएसचा प्लॅन, मोबाइलवर ८०-८५ मिळायचे. नवरात्रात ५० वर आलं. दिवाळीच्या तोंडावर तर संध्याकाळच्या ऑनलाइन शिकवणीत पोरं म्हणायला लागली, "सर, तुमचं तोंड उघडंच राहिलंय."

हेल्पलाइनवरच्या ताईंनी सांगितलं, राउटर तीस सेकंद बंद ठेवून चालू करा. केलं. नेट पळायला लागलं. दोन दिवसांनी पुन्हा तेच रडगाणं. मग कंपनीचा पोरगा येऊन मीटर लावून गेला. फायबरवर उणे २१ डीबीएम, म्हणजे सिग्नल चांगला. जाता जाता "राउटरच बदला की" म्हणाला. मला ते पटलं नाही. तीन वर्षांत राउटर म्हातारा होतो काय?

राउटर शोकेसमध्ये होता आणि त्यावर आईनं विणलेला क्रोशाचा रुमाल. हात लावला तर चांगलाच तापलेला. रुमाल काढला (आईची नाराजी पत्करून), राउटर बाहेर उघड्यावर मांडला. दोन दिवस झकास, तिसऱ्या दिवशी ढेपाळला. मग ॲपवर शेजारपाजारची वायफाय बघितली. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १, ६ आणि ११ हे तीनच चॅनल (म्हणजे वाटा) एकमेकांच्या अंगावर येत नाहीत, आणि आमच्यासकट अर्धी गल्ली ६ वर. मी १ वर गेलो. दोन दिवस झकास. फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट केलं. तेच, दोन दिवस.

एवढं झाल्यावर डोक्यात प्रकाश पडला. शोकेसमधून काढताना राउटर बंद केला होता. चॅनल बदलल्यावर तो स्वतः बंद-चालू झाला. अपडेटलाही तेच. म्हणजे तिन्ही औषधांत गुण एकाच गोष्टीचा होता, आणि मी मात्र दर वेळी नव्या औषधाला श्रेय देत बसलो होतो.

मग ठरवलं, आठवडाभर कशाला हात लावायचा नाही. सकाळी आठ आणि रात्री आठ, तोच मोबाइल, तीच खुर्ची. आकडा दुधाच्या हिशेबाशेजारी कॅलेंडरवर. ८१, ७४, ६०, ३३, १२. रात्री १२ आला तेव्हा लॅपटॉपला केबल जोडून बघितलं: ९४. शंभरच्या पोर्टमधून एवढेच निघतात, म्हणजे बाहेरची लाइन ठणठणीत. मग वायफायवरून राउटरलाच, त्याच्या १९२.१६८.१.१ या घरातल्या पत्त्यावर, पिंग मारलं, म्हणजे 'आहेस का' अशी हाक मारून उत्तराला किती वेळ लागतो ते बघितलं. एरवी ३ मिलिसेकंदांत येणारं उत्तर ४०० ला, ९०० ला, कधी येतच नव्हतं. मी राउटरपासून चार फुटांवर बसलेलो! त्या हेल्पलाइनवाल्या ताईंशी उगाच भांडलो होतो.

राउटरच्या सेटिंगमध्ये सिस्टम लॉग असतो, तो उघडला. त्यात मधूनच तारीख: १ जानेवारी १९७०. आधी वाटलं, येडं झालंय यंत्र. नंतर कळलं, राउटरमधल्या घड्याळाला सेल नसतो. चालू झाला की तो १९७० पासून मोजायला लागतो आणि नेट जोडलं गेलं की खरी वेळ विचारून घेतो. म्हणजे प्रत्येक १९७० हा एक नवा जन्म. आदल्या एका दिवसात असे सहा जन्म झाले होते, आणि त्यातला एकही मी दिलेला नव्हता. लाइटही गेलेली नव्हती.

आता संशय ॲडॅप्टरवर. मल्टिमीटर लावला तर १२.२ व्होल्ट, अगदी शहाण्यासारखं. शेवटी राउटर आणि ॲडॅप्टर पिशवीत घालून उद्यमनगरात वडिलांच्या ओळखीच्या मोटार वायंडिंगवाल्या काकांकडं गेलो. मी आकडा सांगितला तसे ते हसले.

"लोडवर बघितलंस काय?"

"न्हाई. नुसती पिन काढून."

"रिकामी ट्रॉली कुठलाबी चढ चढती. ऊस भरून बघ की."

त्यांनी राउटर चालू ठेवला, ॲडॅप्टरच्या वायरीत दोन टाचण्या टोचल्या, एकमेकींना लागणार नाहीत अशा, आणि मीटरची टोकं त्यांना धरली. १०.६. मग १०.१. मध्येच ९.८, परत १०.४. काटा नसलेला मीटर, तरी आकडे थरथरताना दिसत होते. ॲडॅप्टर फोडला (हे घरी कुणी करू नये, आत मेन लाइनची वीज साठलेली असते) तर एका कपॅसिटरचं (वीज साठवून व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या डबीचं) डोकं फुगलेलं. "ह्याचं पोट बघ," काका म्हणाले.

या कपॅसिटरमधला द्रव उष्णतेनं हळूहळू आटतो. साधारण दहा अंश जास्त तापलं की आयुष्य निम्म्यावर येतं. आमचा ॲडॅप्टर तीन वर्षं शोकेसमागच्या बोळकांडीत, भिंत आणि लाकूड यांच्यामध्ये शिजत होता. वरच्या राउटरचा रुमाल मी काढला, खालच्या ॲडॅप्टरकडं कुणाचं लक्ष नव्हतं. वायफायला जोर लावायची वेळ आली की व्होल्टेज खाली, राउटरमधला वायफायचा रेडिओ अडखळायचा, फारच खाली गेलं की राउटर मरून परत उठायचा. संध्याकाळी घरातले सगळेच मोबाइल जागे, म्हणून संध्याकाळीच जास्त.

नवा ॲडॅप्टर २८० रुपयांना मिळाला. व्होल्ट तेवढेच, बाराच, घ्यायचे; ॲम्पिअर जास्त असले तर चालतात, म्हणून एकाऐवजी दोन ॲम्पिअरचा घेतला. पिनेची जाडी आणि आतलं प्लस-मायनस जुन्यावरच्या चिन्हाशी जुळवून बघितलं. जोडला, ७९. दोन दिवसांनी ८२. तिसऱ्या दिवशीचा रात्रीचा आकडा बघायला मी खुर्चीत जरा घाबरतच बसलो: ८०.

आईचा रुमाल आता टीव्हीखाली आहे. लॉगमध्ये सलग तेवीस दिवस एकही १९७० नव्हता. चोविसाव्या दिवशी एक उमटला. त्या दुपारी अख्ख्या गल्लीतली लाइट गेली होती.