साखरांबा

आज मावशी आल्या नाहीत. सकाळची भांडी, दुपारची भांडी, आता परत सिंक भरलंय. ओटा तीनदा पुसला तरी चिकटच (साखरांब्याला कैऱ्या किसत होते, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार!).

मधल्या वेळात फ्रेंच लेखिका-तत्त्वज्ञ सिमोन द बोव्हुआरचं ‘द सेकंड सेक्स’ उघडलं. बाईच्या स्थितीवरचं, १९४९ चं पुस्तक. तिच्याकडे ‘ट्रान्सेन्डन्स’ म्हणजे मोक्ष-बिक्ष नाही, देव तर नाहीच. वाट्याला आलेल्या परिस्थितीच्या पलीकडे जाऊन, अजून नसलेलं काहीतरी उभं करायला घेणं. उलट बाजूला ‘इमॅनन्स’: तेच ते, जिथल्या तिथे. त्याला उदाहरण घरकामाचं, ग्रीक कथेतल्या सिसिफसच्या शिक्षेसारखं (दगड डोंगरावर ढकलायचा, तो परत खाली, की पुन्हा ढकलायचा). या फेऱ्यात बाईला निसर्गाने नाही, समाजाने अडकवलं, हे तिचं खरं भांडण. मला तर ते आजही जसंच्या तसं पटतं.

आणि हीच बाई जॅमबद्दल मात्र चक्क हळवी होते! साखरेच्या सापळ्यात काळ पकडला, अशा अर्थाचं काहीतरी लिहिते. मी गॅसवरच्या पातेल्याकडे बघतच बसले. उत्साहात आईला फोन लावून सगळं सांगितलं.

“ते राहू दे, पाक बघितलास का?”

पाक केव्हाच पुढे गेला होता.