श्टुडिएनकोलेगचे वर्ष : माझा अनुभव

बारावीनंतर थेट जर्मनीत अभियांत्रिकीच्या पदवीला प्रवेश मिळेल, ही माझी समजूत पहिल्याच चौकशीत खोटी ठरली. तिथल्या 'आबिटुअर' या शालान्त प्रमाणपत्राशी आपली बारावी समकक्ष धरत नाहीत, त्यामुळे जेईई अ‍ॅडव्हान्स्ड उत्तीर्ण नसलेल्या माझ्यासारखीला आधी 'श्टुडिएनकोलेग'मध्ये दोन सत्रांचा पूर्वतयारी अभ्यासक्रम करून त्याची अंतिम परीक्षा उत्तीर्ण होणे भाग होते. एपीएस प्रमाणपत्र (आपली शैक्षणिक कागदपत्रे खरी असल्याचा दाखला), परदेशी विद्यार्थ्यांचे अर्ज तपासणाऱ्या 'युनि-असिस्ट' या संस्थेमार्फत अर्ज आणि व्हिसा या गोष्टींना वेळ लागला, पण त्या पार पडल्या.

खरा कस लागला तो श्टुडिएनकोलेगच्या प्रवेश परीक्षेत. गणिताची मला भीती नव्हती; जर्मनच्या 'सी-टेस्ट'ने मात्र पहिल्या प्रयत्नात मला नापास केले. या चाचणीत दिलेल्या उताऱ्यात पहिले वाक्य अखंड असते आणि पुढे दर दुसऱ्या शब्दाचा उत्तरार्ध गाळलेला असतो. शब्द ओळखू येतो, अर्थही लागतो, पण नामाचे लिंग आणि विभक्ती पक्की नसेल तर शेवटची दोन अक्षरे काही केल्या सुचत नाहीत. त्यानंतर चार महिने मी रोज एका बातमीतले शब्द असेच अर्धे खोडून पुन्हा भरत असे. दुसऱ्या प्रयत्नात प्रवेश मिळाला, तो या सरावामुळेच, असे मला मनापासून वाटते.

तांत्रिक शाखांसाठीच्या 'टी-कुर्स'मध्ये मी जर्मन, गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकले. सूत्रे ओळखीची होती, भाषा नव्हती. 'लाइस्टुंग' हा शब्द मला 'कामगिरी' या अर्थाने ठाऊक होता. इंजिनावरच्या एका उदाहरणात मी तोच अर्थ धरून बसले आणि भौतिकशास्त्रात त्याचा अर्थ 'शक्ती' होतो, हे शिक्षिकेने फळ्यावर वॅट हे एकक लिहिल्यावर उमगले. ज्यांना हे वर्ष वाया गेलेले वाटते, त्यांनी अशा शब्दांचा विचार जरूर करावा; पदवीच्या भरगच्च वर्गात माझ्यासाठी कोणी थांबले नसते.

अंतिम परीक्षेत मला १.९ श्रेणी मिळाली. तिथे १ सर्वोत्तम असते आणि ४ पर्यंत उत्तीर्ण धरतात. विद्यापीठाने बारावीचे रूपांतरित गुण आणि ही श्रेणी यांची सरासरी काढली, तेव्हा बारावीच्या गुणांचे वजन अजून संपलेले नाही हे कळले. १५ जुलैच्या मुदतीआधी मी यंत्र अभियांत्रिकीसाठी अर्ज केला आणि हिवाळी सत्रात दाखल झाले.