आमची वाटचाल : चिकूची बर्फी, बोरिवली

२०१३ साली लोकल डहाणूपर्यंत गेली आणि आमचा धंदा उभा राहिला. पहाटे बोरिवलीहून निघायचं, डहाणू रोडला उतरून घोलवडची वाडी गाठायची, दुपारच्या गाडीने करंड्या घेऊन परत. घोलवडच्या काकांनी पहिली दोन वर्षं माल उधारीवर दिला. चिठ्ठी नाही, सही नाही. बेडणी, म्हणजे फळ उतरवायची जाळीची काठी, मात्र ते दुसऱ्याच्या हातात देत नसत. फळ जाळीत पडलं पाहिजे, मातीत नाही. मातीत आपटलेला कालीपत्ती (ही आमच्याकडची चिकूची जात) वरून छान दिसतो आणि दोन दिवसांत आतून काळा पडतो.

नंतरचा काळही बरा गेला.

२०१६ मध्ये डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यानंतरच्या बोर्डीच्या चिकू महोत्सवात आम्ही सुरूच्या सावलीत दुप्पट मोठा स्टॉल घेतला. पलीकडे तारपा वाजतोय, शेजारी वारली चित्रं, मुंबईहून गाड्याच गाड्या. काकांचा माल पुरेना म्हणून मी वाशीहून आठ करंड्या उचलल्या. चूक माझीच. त्यात कोवळं फळ होतं, गरात मिसळलं आणि तीन घाणे तुरट झाले. एक कच्चा चिकू अख्ख्या कढईची वाट लावतो, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही.

आणि समोरच आमचाच जुना कारागीर! आमच्याच कढईशी शिकलेला. त्याच्या बर्फीत खवा, रंग आणि इसेन्स. चिकू बहुधा फक्त फलकावर. ‘अस्सल घोलवड’, भाव आमच्या निम्मा. आमची गिऱ्हाइकं खोका परत करून त्याच्याकडे वळताना मी पाहिली. साठ किलो बर्फी परत आणली. हप्ते थकले, गर आटवायला घेतलेलं नवं खवा मशीन विकावं लागलं. पुन्हा कढई, लांब दांड्याचं उलथणं आणि मी.

महिनाभराने काकांचा फोन आला, “करंड्या भरून ठेवल्यात, नेणार आहेस की गाईला घालू?” मागच्या बाकीचा शब्दही काढला नाही.

जाता जाता सांगतो, चिकू घेताना दाबून बघू नका, नखाने जरा खरवडा. साल हिरवी दिसली आणि चीक आला तर भाव कितीही उतरवला तरी घेऊ नका. आणि कच्चा चिकू फ्रिजमध्ये कशाला ठेवता? तो धड पिकत नाही. आमच्या घरातही हे कुणी ऐकत नाही.

मुलगा म्हणतो, पुन्हा मशीन घेऊ. बघू.

तो कारागीर अजूनही महोत्सवात समोरच बसतो. गेल्या वेळी त्याचा पोरगा पाचशेचे सुट्टे मागायला आला. दिले. नोट मात्र उजेडात धरून पाहिली.