हजारो संमती, एकच सेकंद

ग्राहकाने पैसे थकवले म्हणून दावा लावायचा होता. पक्षकार कंपनीने पुरावा म्हणून डेटाबेसमधला तक्ता पाठवला: प्रत्येक ग्राहकासमोर 'अटी मान्य' आणि शेजारी संमतीची वेळ. वेळेचा रकाना वाचताना मी थबकले. हजारो जुन्या ग्राहकांची वेळ सेकंदापर्यंत तंतोतंत एकच होती, आणि आमचा थकबाकीदार त्यांतलाच.

तांत्रिक टीमला विचारल्यावर उलगडा झाला. हा रकाना मागाहून जोडलेला होता आणि जोडताना जुन्या सगळ्या खात्यांना सरसकट 'मान्य' लागलं होतं. नोंदणीच्या वेळी चौकटीत टिक केल्याशिवाय पुढे जाताच येत नव्हतं, त्यामुळे लोकांनी संमती दिली असणारच. पण हा तक्ता त्याचा पुरावा नव्हता. उलटतपासणीत हे निघालं असतं तर कंपनीच्या बाकीच्या नोंदींवरही कुणी विश्वास ठेवला नसता.

करार केवळ इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून नाकारता येत नाही, हे आता बहुतेक ठिकाणी मान्य आहे. अमेरिकेत २००० चा ई-साइन कायदा तेच सांगतो, भारतात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम १०अ. मृत्युपत्रासारखे अपवाद सोडले तर भांडण होतं ते पुराव्यावर: माणसाला काय दिसलं आणि त्याने नेमकं काय मान्य केलं? नेटस्केप या अमेरिकन ब्राउझर कंपनीविरुद्धच्या खटल्यात २००२ साली तिथल्या अपील न्यायालयाने लवादाचं कलम (वाद कोर्टाऐवजी लवादाकडे नेण्याची अट) ग्राहकांना लागू केलं नाही, कारण डाउनलोडचं बटण वर होतं आणि अटींचा उल्लेख पान खाली सरकवल्यावरच दिसत होता.

म्हणून मी नोंदणीच्या दिवशीचं पान मागितलं. त्यांच्याकडे फक्त आजचं होतं. सुदैवाने गिटमध्ये, म्हणजे कोडच्या जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात, जुना कोड शाबूत होता. त्या तारखेचं पान जसंच्या तसं पुन्हा उभं करता आलं. सर्व्हरचे लॉग कधीच पुसले गेले होते, पण नोंदणीनंतर ग्राहकाला अटींची पीडीएफ जोडून मेल गेला होता आणि त्याच मेलला त्याने बिलाबद्दल उत्तर दिलं होतं. पीडीएफचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला डिजिटल ठसा, गिटमधल्या फाइलशी जुळला. एक स्वल्पविराम बदलला असता तरी तो जुळला नसता. सगळ्या कागदांत मला सर्वांत मोलाचं वाटलं ते ग्राहकाचं हे साधं उत्तर.

पुढच्यासाठी कंपनीला नोंदीची पद्धत बदलायला लावली. प्रत्येक संमतीची स्वतंत्र ओळ: खाते क्रमांक, यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ, आयपी पत्ता, अटींची आवृत्ती व हॅश, बटणावरचा मजकूर. ही ओळ नंतर कुणालाही बदलता येणार नाही. चौकट आधीच टिक केलेली नको. आयपी पत्त्यावर विसंबू नये, एकाच पत्त्यामागे अनेक माणसं असतात. मोबाइलवरच्या ओटीपीची जोड हवी. अटी बदलल्या तर पुढच्या लॉगिनला नव्याने संमती घ्यायची.

आमच्या दाव्यातून मात्र लवादाचं कलम सोडावं लागलं. ते नंतरच्या आवृत्तीत आलेलं, आणि ती या ग्राहकाला दाखवल्याची एकही नोंद नव्हती. जुन्या आवृत्तीतल्या अटींवर आणि त्याने आधी भरलेल्या बिलांवर थकबाकीचा दावा दाखल केला.