लिस्बनचा अभ्यासदौरा: पहिलं दप्तर पणजीतच उघडा

गोव्यातून लिस्बनला गेलेला विद्यार्थ्यांचा गट पहिल्याच सकाळी बेलें या नदीकाठच्या भागात धावतो. जेरोनिमुश मठ, वास्को द गामाची कबर, नदीकाठचं ५२ मीटर उंचीचं दर्यावर्दींचं स्मारक, १८३७ पासून चालू असलेल्या दुकानातले पस्तेल नावाचे गोड टार्ट. फोटो होतात, पाय भरून येतात आणि जुन्या सरकारी कागदांच्या दप्तरखान्यासाठी जेमतेम दोन दिवस उरतात. बारा विद्यार्थी, दोन शिक्षक आणि दहा दिवस असा बेत असेल तर क्रम उलटा लावा. बेलें शेवटी ठेवलं तरी कुठे जात नाही, दप्तरखाना मात्र रविवारी बंद असतो.

खरी तयारी पणजीत होते, तीही निदान दोन महिने आधी. गोव्याच्या दप्तरखान्याची सुरुवात १५९५ची, पहिला रखवालदार दियोगु दु कौतु. तिथे ‘मोंसोंयश दु रैनु’ म्हणजे मान्सूनचे खंड आहेत. जहाजं वाऱ्याच्या मोसमावर ये-जा करत, म्हणून व्हाइसरॉय आणि लिस्बन यांच्यातल्या पत्रव्यवहाराला हे नाव पडलं. अठराव्या शतकात यातले काही खंड लिस्बनला नेले गेले, ते आज तोर्रे दु तोंबु या राष्ट्रीय दप्तरखान्यात आहेत. म्हणजे एकाच व्यवहाराची एक बाजू पणजीत आणि दुसरी लिस्बनला. पणजीतली बाजू न वाचता जो तिथे पोचतो, त्याला काय मागवायचं हेच ठाऊक नसतं. प्रत्येक विद्यार्थ्याने एकच विषय, एकच दशक आणि फार तर दोन गावं ठरवून जावं. ‘मराठे-पोर्तुगीज संबंध’ हा विषय दहा दिवसांचा नव्हे, दहा वर्षांचा आहे.

नावांची यादी घरूनच करून न्या. जुन्या कागदांत शिवाजी ‘सेवाजी’ होतो, संभाजी ‘संबाजी’, सावंतवाडीचे भोंसले ‘बोंसुलो’ आणि आदिलशहा ‘इदालकांव’. दिचोली ‘बिशोलीं’ आणि पेडणे ‘पेर्नें’ अशी रोमी अक्षरांत सापडतात. ऑनलाइन सूचीत आजचं स्पेलिंग टाकलं की शून्य निकाल येतो आणि पोरं ‘काही नाहीच’ म्हणून उठतात. एकेका नावाची चार-पाच रूपं टाकून पाहावी लागतात. शिवाय पेडणे, दिचोली, सत्तरी या ‘नव्या काबिजादी’, म्हणजे नंतर मिळवलेले प्रदेश, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांकडे आल्या. पेडण्याचं प्रशासन सतराव्या शतकाच्या पोर्तुगीज कागदांत शोधणं म्हणजे आडात नाही ते पोहऱ्यात शोधणं.

दुसरी अडचण अक्षराची. आधुनिक पोर्तुगीज येतं म्हणून १६६०चं पत्र वाचता येत नाही. ‘के’ हा शब्द नुसता क्यू आणि वर लहर असा लिहिलेला असतो, यू आणि व्ही एकमेकांच्या जागी येतात, पदव्यांचं शेवटचं अक्षर वर चढवलेलं असतं. रोज अर्धा तास, एकच पान, असं पणजीतल्या खंडांवर सहा आठवडे केलं की हात बसतो. ज्यांना मोडी येते ते हे लवकर उचलतात, कारण घाईत लिहिणारा कारकून शब्द कसे तोडतो हे त्यांनी आधी पाहिलेलं असतं.

तोर्रे दु तोंबुला जायला मेट्रोच्या पिवळ्या मार्गावर ‘सिदादि उनिव्हर्सितारिया’ स्थानकावर उतरायचं. मूळ मनोरा साओ जॉर्ज किल्ल्यात होता, तो १ नोव्हेंबर १७५५च्या भूकंपात कोसळला. आजची इमारत १९९०ची. वाचक म्हणून नोंदणीला पासपोर्ट लागतो, झेरॉक्स चालेल असं धरून जाऊ नका. पिशवी बाहेर, आत पेन्सिल, कोरे कागद आणि लॅपटॉप. ज्या कागदाचं स्कॅन झालं आहे त्याची मूळ प्रत सहसा मिळत नाही, म्हणून स्कॅन झालेलं सगळं गोव्यात बसूनच वाचून टाका आणि तिथले दिवस स्कॅन न झालेल्यासाठी राखा. चौदा जण एकदम दारात उभे राहिले तर कोणालाच आवडत नाही. आधी ईमेल करा, चार-चारच्या तुकड्या पाडा, एक तुकडी आत तर दुसरी कांपु ग्रांदि भागातल्या राष्ट्रीय ग्रंथालयात. आणि फोटो काढताना पहिला फोटो संदर्भ क्रमांकाच्या चिठ्ठीचा. हा नियम मोडणाऱ्याकडे परतल्यावर दोनशे सुंदर, निनावी पानं असतात.

१९३१ साली स्थापन झालेलं वसाहतींचं दप्तर जुंकैरा भागात, एगा वाड्यात आहे. वाचनकक्ष चालू आहे ना, हे आधी विचारून घ्या. १५ नंबरची ट्राम तिथूनच बेलेंला जाते, म्हणून हे दोन्ही एका दिवशी जोडावेत, फक्त सोमवार टाळून, कारण जेरोनिमुश सोमवारी बंद असतो.

दिवस हाताशी असतील तर उत्तरेला ब्रागा. रोमी लिपीत लिहून घेतलेल्या कोंकणी आणि मराठी रामायण-महाभारतकथांची हस्तलिखितं तिथे आहेत. गटातल्या दोघा-तिघांचाच हा विषय असेल तर तेवढ्यांनीच जावं, सगळा गट ओढत नेऊ नये.

आता कागदपत्रं. युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. निर्णयाला साधारण पंधरा दिवस, पण शंका आली तर पंचेचाळीसपर्यंत जातात. शुल्क ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोंचा, पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने वैध आणि दोन पानं कोरी. गोव्यात अडतं ते नावावर: जन्मदाखल्यावर ‘नायक’चं जुनं पोर्तुगीज स्पेलिंग, पासपोर्टवर दुसरं आणि बँकेत तिसरं. हे महिनाभर आधी जुळवा आणि तिकीट पासपोर्टप्रमाणेच काढा. गटात कोणाकडे पोर्तुगीज पासपोर्ट असेल तर त्याला व्हिसा नको, पण भारतात परत येताना ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या मूळ भारतीयांचं कार्ड हातात हवं. ते कपाटात विसरून येणारा एक जण असतोच.

जाताना गोव्याच्या मोपा विमानतळावरून आणि येताना दाबोळीला असं तिकीट स्वस्त दिसतं. काणकोणच्या आणि सत्तरीच्या पालकांना मध्यरात्री गाडी काढायला लावण्याआधी विचार करा. युरोपातल्या दुसऱ्या शेंगेन शहरात विमान बदलत असेल तर इमिग्रेशन तिथेच होतं. १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेल्या नव्या पद्धतीत बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेतात, त्यामुळे तीन तासांपेक्षा कमी वेळ ठेवू नका.

खाऊच्या पिशवीत चोरीस (गोव्याचं मसालेदार सॉसेज), तूप, पेढे नकोत, मांस आणि दुधाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत. मानकुराद आंब्यांची पेटीही रोगमुक्ततेच्या प्रमाणपत्राशिवाय चालत नाही. लोणचं, चटणी, पोहे जातात. तिथल्या खानावळीत बसल्या बसल्या पाव, लोणी, ऑलिव्ह येतात, ते फुकट नसतात. नको असेल तर हात लावण्याआधी परत पाठवा. शाकाहाऱ्यांनी ‘काल्दु व्हेर्दि’ हिरवं सूप म्हणून मागवू नये, त्यात चोरीसाचे काप असतात. विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये जेवावं हे उत्तम, २०१७च्या कायद्याने सरकारी कॅन्टीनना एक शाकाहारी पदार्थ ठेवावाच लागतो.

हिशेबात हमखास राहून जाणारी रक्कम म्हणजे पर्यटन कर: माणशी रात्रीला ४ युरो, पहिल्या सात रात्रींपुरता. चौदा जणांचे ३९२ युरो होतात. मेट्रोचं कार्ड प्रत्येकाचं वेगळं लागतं, एका कार्डावर दोघं जात नाहीत. कार्डाने पैसे देताना यंत्र ‘रुपये की युरो’ विचारतं, युरोच निवडा. जूनमध्ये १० आणि १३ तारखेला सुट्टी असते, तो आठवडा दप्तरखान्यासाठी फुकट जातो. पाऊस पडला की उतारावरचे गुळगुळीत चौकोनी दगड शेवाळल्या घाटासारखे होतात, तेव्हा चपला नकोत. २८ नंबरच्या ट्राममध्ये खिसेकापू असतात, पासपोर्ट खिशात नको.

भाषेचं एक. जनेल, चावी, साबण, बादली, लिलाव, पोदेर (पाववाला) हे शब्द पाट्यांवर भेटतात आणि पोरांना वाटतं, येतंय की आपल्याला. बोलणं मात्र कळत नाही, कारण लिस्बनचे लोक स्वर गिळतात आणि ‘स’चा ‘श’ करतात. रस्ता विचारायचा तर लिहून दाखवा.

परतल्यावर पहिल्या पंधरवड्यात पणजीच्या दप्तरखान्यात जाऊन, लिस्बनला वाचलेल्या पत्राचं उत्तर ज्या खंडात असेल तो मागवा. तारीख शोधताना वर्ष-दोन वर्षं पुढचंही पाहा. जहाजाला एका बाजूलाच सहाएक महिने लागायचे, आणि परतीला वाऱ्याच्या मोसमाची वाट पाहावी लागायची.